घेणे, देणे, मिळणे: पैसा, नोकरी आणि अभ्यासाचे रोजचे इंग्रजी

इंग्रजी शिकायला नव्याने सुरुवात करणाऱ्या मराठी माणसाला पैसा, नोकरी आणि शिक्षण या तीन विषयांवरचे बरेचसे इंग्रजी शब्द आधीच माहीत असतात. बँक, लोन, चेक, बॅलन्स, सॅलरी, बॉस, ड्यूटी, इंटरव्ह्यू, फी, एक्झाम, मार्क्स, रिझल्ट हे शब्द आपण मराठी बोलतानाही दिवसातून कितीतरी वेळा वापरतो, आणि त्यामुळे या विषयांवर इंग्रजीत बोलणे सोपे जाईल असे वाटते. प्रत्यक्ष बोलायची वेळ आली की मात्र गाडी अडते, आणि ती नामापाशी नव्हे, क्रियापदापाशी अडते. 'एक्झाम' हा शब्द येतो, पण ती 'दिली' म्हणायचे की 'घेतली', इथे जीभ अडखळते. म्हणून या लेखात शब्दांच्या लांबलचक याद्या नाहीत. प्रत्येक शब्द त्याच्या क्रियापदासह आणि मागेपुढे येणाऱ्या 'टू', 'फ्रॉम', 'फॉर' अशा छोट्या शब्दांसह कसा शिकावा, हे क्रमाक्रमाने सांगितले आहे.

पहिली पायरी: ओळखीच्या शब्दांची झडती

एका कागदावर तिन्ही विषयांतले आपल्याला माहीत असलेले इंग्रजी शब्द लिहून काढा. थोडे डोके खाजवले की पन्नासेक शब्द सहज निघतात. आता त्यांतला प्रत्येक शब्द इंग्रजीतही त्याच अर्थाने चालतो का, हे एखाद्या चांगल्या शब्दकोशात पाहा. बहुतेक शब्द या परीक्षेत उत्तीर्ण होतात, पण काही शब्दांनी आपल्याकडे येताना अर्थ बदललेला असतो.

'ट्यूशन' म्हणजे आपल्या बोलण्यात खासगी शिकवणी. अमेरिकेत मात्र हा शब्द बहुतेक वेळा महाविद्यालयाच्या शिक्षणशुल्कासाठी वापरतात. 'फ्रेशर' म्हणजे आपल्याकडे नोकरीचा अनुभव नसलेला उमेदवार, तर ब्रिटनमध्ये विद्यापीठात नुकताच दाखल झालेला पहिल्या वर्षाचा विद्यार्थी. 'मी अमुक साली पास आउट झालो' असे आपण सहज म्हणतो, पण सैनिकी प्रशिक्षण संस्थांमधला वापर सोडला, तर बाहेरच्या इंग्रजीत 'पास आउट' होणे म्हणजे शुद्ध हरपून पडणे. पदवी मिळाली हे सांगायला 'आय ग्रॅज्युएटेड' हे वाक्य आहे. 'प्रिपोन' हा शब्द आपल्याला अगदी तर्कशुद्ध वाटतो, आणि खरे सांगायचे तर तो आहेही, परंतु तो प्रामुख्याने भारतीय इंग्रजीतला असल्यामुळे परक्या वाचकासाठी 'मूव्ह फॉरवर्ड' किंवा 'ब्रिंग फॉरवर्ड' लिहिणे बरे.

यांतला सर्वांत फसवा शब्द 'डाउट' हा आहे. वर्गात हात वर करून 'आय हॅव अ डाउट' म्हणणाऱ्याच्या मनात मराठीतली 'शंका' असते, म्हणजे न समजलेला भाग. इंग्रजी कानाला मात्र त्यातून अविश्वास ऐकू येतो. शिक्षक सांगत आहेत ते खरे असेल का, याविषयी हा विद्यार्थी साशंक आहे असा अर्थ होतो. 'आय हॅव अ क्वेश्चन' एवढेच पुरे.

दुसरी पायरी: देणे आणि घेणे यांचा गुंता सोडवणे

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, आणि येथे घाई करू नये. मराठीत पैसा, काम आणि शिक्षण यांचे बहुतेक व्यवहार 'देणे' आणि 'घेणे' या दोन क्रियापदांवर चालतात. आपण पैसे उसने देतो व घेतो, घर भाड्याने देतो व घेतो, परीक्षा देतो व घेतो, मुलाखत देतो व घेतो. इंग्रजीने यांतल्या काही जोड्यांना दोन वेगळे शब्द दिले आहेत, काहींना एकच शब्द दिला आहे, आणि एका जोडीची दिशाच चक्क उलटी केली आहे.

उसन्या पैशांपासून सुरुवात करू. उसने घेणे म्हणजे 'बॉरो' आणि उसने देणे म्हणजे 'लेंड'. 'बॉरो' बरोबर 'फ्रॉम' येते, कारण वस्तू दुसऱ्याकडून आपल्याकडे येते. 'लेंड' बरोबर 'टू' येते, कारण ती आपल्याकडून दुसऱ्याकडे जाते. 'आय बॉरोड अ बुक फ्रॉम हर' आणि 'शी लेंट अ बुक टू मी' ही दोन वाक्ये एकाच घटनेच्या दोन बाजू आहेत. मी स्वतः कितीतरी दिवस 'कॅन यू बॉरो मी युअर पेन' असे म्हणत असे, आणि समोरचा माणूस पेन देत असल्यामुळे माझी चूक मला कळतही नसे. बोलणाऱ्याचे काम भागते म्हणून असल्या चुका वर्षानुवर्षे टिकतात. मागताना दोनच वाक्ये लक्षात ठेवावीत: 'कॅन आय बॉरो युअर पेन?' किंवा 'कुड यू लेंड मी युअर पेन?' पहिल्यात कर्ता मी आहे, दुसऱ्यात तुम्ही.

भाड्याच्या बाबतीत उलट गंमत आहे. 'रेंट' हे एकच क्रियापद भाडेकरूही वापरतो आणि घरमालकही वापरतो, त्यामुळे 'आय रेंट अ फ्लॅट' हे वाक्य ऐकून बोलणारा कोणत्या बाजूचा आहे हे नेहमीच स्पष्ट होत नाही. मालकाला आपली बाजू ठळक करायची असेल तर तो 'रेंट आउट' म्हणतो. ब्रिटनमध्ये त्यासाठी 'लेट' हे क्रियापदही रूढ आहे, आणि तेथील रिकाम्या घरावरच्या 'टू लेट' या पाटीचा उशिराशी काहीही संबंध नसतो. थोड्या वेळापुरती गाडी किंवा सभागृह घेणे यासाठी ब्रिटिश लोक 'हायर' म्हणतात. माणसाला 'हायर' करणे म्हणजे मात्र त्याला नोकरीवर ठेवणे.

आता दिशा उलटी असलेली जोडी. मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो आणि शिक्षक परीक्षा घेतात. इंग्रजीत विद्यार्थी परीक्षा घेतो, म्हणजे 'टेक्स ॲन एक्झाम', आणि शिक्षक ती देतात, म्हणजे 'द टीचर गेव्ह अस अ टेस्ट'. मराठी मन याला सहजासहजी तयार होत नाही. आपल्या दृष्टीने उत्तरपत्रिका विद्यार्थ्याकडून शिक्षकाकडे जाते, म्हणून विद्यार्थी देणारा ठरतो. इंग्रजीच्या दृष्टीने प्रश्नपत्रिका शिक्षकाकडून विद्यार्थ्याकडे येते, म्हणून विद्यार्थी घेणारा. प्रश्नपत्रिका कोणाच्या हातातून कोणाच्या हातात जाते एवढे चित्र डोळ्यांसमोर आणले, की गोंधळ कमी होतो. ब्रिटिश इंग्रजीत 'सिट ॲन एक्झाम' असेही म्हणतात, आणि ज्याला 'टेक' व 'गिव्ह' मध्ये पडायचेच नसेल त्याच्यासाठी ती चांगली पळवाट आहे. मात्र 'टेक' म्हणजे उत्तीर्ण होणे नव्हे. त्यासाठी 'पास' आहे. 'आय टुक द एक्झाम ट्वाइस बिफोर आय पास्ड इट' या वाक्यात दोन्ही क्रियापदे आपापल्या जागी दिसतात.

मुलाखतीचेही असेच आहे. नोकरीसाठी मुलाखत देणाऱ्याने 'आय गेव्ह ॲन इंटरव्ह्यू' म्हटले, तर एखाद्या नामवंत व्यक्तीने पत्रकाराला मुलाखत दिल्यासारखे वाटते. उमेदवाराने 'आय हॅव ॲन इंटरव्ह्यू टुमॉरो' किंवा 'आय हॅड ॲन इंटरव्ह्यू यस्टरडे' म्हणावे. प्रवेश घेणे यासाठी 'टेक ॲडमिशन' आपल्याकडे सर्रास चालते, पण बाहेर 'एनरोल' किंवा 'गेट इन' हे शब्द अधिक ओळखीचे आहेत. राजीनामा देण्यासाठी 'गिव्ह' ची गरजच नाही, 'आय रिझाइन्ड' पुरते. कर्ज घेण्यासाठी 'टेक आउट अ लोन' म्हणतात. आणि लक्ष देण्यासाठी तर इंग्रजीने पैशाचेच क्रियापद वापरले आहे: 'पे अटेन्शन'.

तिसरी पायरी: 'मला' ने सुरू होणारी वाक्ये 'आय' कडे वळवणे

मला पगार मिळतो, मला नोकरी लागली, मला सत्तर गुण पडले, मला ते परवडत नाही, मला त्याचे पैसे द्यायचे आहेत. मराठीत या वाक्यांतला माणूस बाजूला बसलेला असतो आणि पगार, नोकरी, गुण हेच काहीतरी करतात. इंग्रजीत माणूस कर्त्याच्या जागी येतो. 'मिळणे', 'लागणे', 'पडणे' या सगळ्यांची बरीचशी कामे 'गेट' हे एकटे क्रियापद करते: 'गेट अ जॉब', 'गेट पेड', 'गेट गुड मार्क्स', 'गेट अ रिफंड'. लेखी इंग्रजीत 'रिसीव्ह' किंवा 'ऑब्टेन' वापरले जाते, पण बोलताना ते जड वाटते.

'परवडणे' हा शब्द मराठीकडे आहे ही आपल्यासाठी मोठी सोय आहे, कारण 'अफोर्ड' चा अर्थ समजावून सांगत बसावे लागत नाही. चूक होते ती रचनेत. वस्तू परवडत नाही म्हणून नवशिका वस्तूला कर्ता करतो. योग्य वाक्य 'आय कान्ट अफोर्ड इट' असे आहे, आणि 'अफोर्ड' च्या आधी बहुतेक वेळा 'कॅन', 'कान्ट' किंवा 'कुड' असते. वस्तूलाच कर्ता करायचे असेल तर 'इट इज अफोर्डेबल' म्हणता येते.

'देणे लागणे' यासाठी इंग्रजीत 'ओ' हे एका स्वराचे क्रियापद आहे. 'आय ओ हिम फाइव्ह हंड्रेड' म्हणजे मी त्याचे पाचशे देणे लागतो. उसन्या पैशांच्या चिठ्ठीवर इंग्रजीत 'आय', 'ओ' आणि 'यू' ही तीन अक्षरे लिहिण्याची प्रथा आहे, ती याच वाक्याचा उच्चार ऐकून तयार झाली. याच्याशी जवळचा ध्वनी असलेला 'ओन' म्हणजे मालकी असणे. एका 'न' च्या फरकाने देणेकरी मालक होतो, तेव्हा हा शब्द कागदावर स्पष्ट लिहावा आणि तोंडाने स्पष्ट उच्चारावा.

चौथी पायरी: पैशाची नावे आणि आकडे

पैसे कशासाठी दिले यानुसार इंग्रजीत त्यांचे नाव बदलते. प्रवासाचे भाडे 'फेअर', घराचे भाडे 'रेंट', डॉक्टर, वकील किंवा शाळा यांना दिलेली 'फी', रस्त्यासाठी 'टोल', दंड 'फाइन'. मराठीत 'भाडे' हा एक शब्द प्रवासाला आणि घराला पुरतो, म्हणून 'बस रेंट' ही चूक घडते. वस्तूची दुकानातली किंमत 'प्राइस', ती मिळवण्यासाठी एकूण पडणारा खर्च 'कॉस्ट'. वस्तू 'एक्स्पेन्सिव्ह' किंवा 'चीप' असते, पण किंमत आणि पगार हे 'हाय' किंवा 'लो' असतात; 'माय सॅलरी इज लेस' हे वाक्य म्हणूनच खटकते. 'पे' नंतर 'फॉर' कधी येतो, हा प्रश्नही नेहमीचा आहे. जे चुकते करायचे ते थेट येते, म्हणजे 'पे द बिल', 'पे द रेंट'. जे विकत घ्यायचे त्याच्याआधी 'फॉर' येतो, म्हणजे 'पे फॉर द टिकेट'. खर्च करण्यासाठी 'स्पेंड' असून त्याच्याबरोबर 'ऑन' येतो: 'शी स्पेंड्स अ लॉट ऑन बुक्स'.

बँकेच्या खात्याचा उतारा हे वाचनाचे उत्तम साहित्य आहे, कारण त्यात मोजके शब्द पुन्हा पुन्हा येतात. 'क्रेडिट' म्हणजे जमा, 'डेबिट' म्हणजे नावे, 'विथड्रॉवल' म्हणजे काढलेली रक्कम, 'बॅलन्स' म्हणजे शिल्लक. 'क्रेडिट' हा शब्द विश्वास ठेवणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून आला आहे, आणि त्या मुळामुळे त्याचे इतके अर्थ एकत्र नांदतात: खात्यातली जमा, दुकानातली उधारी, एखाद्याला दिलेले श्रेय आणि विद्यापीठातल्या अभ्यासक्रमाचे श्रेयांक. 'बाय ऑन क्रेडिट' म्हणजे उधारीवर घेणे, तर 'युअर अकाउंट हॅज बीन क्रेडिटेड' म्हणजे तुमच्या खात्यात पैसे जमा झाले. संदेशात 'क्रेडिटेड' आहे की 'डेबिटेड', हे वाचताना मी अजूनही एक क्षण थांबतो. कर्जाच्या कागदावर 'प्रिन्सिपल' म्हणजे मुद्दल आणि 'इंटरेस्ट' म्हणजे व्याज. यातला 'प्रिन्सिपल' हाच शब्द मुख्याध्यापकांसाठीही आहे, आणि 'तत्त्व' या अर्थाचा दुसरा 'प्रिन्सिपल' उच्चाराने अगदी तसाच पण स्पेलिंगने वेगळा आहे.

आकड्यांवर थोडा अधिक वेळ द्यावा, कारण येथील चूक थेट पैशांत मोजली जाते. लाख आणि कोटी हे शब्द दक्षिण आशियाबाहेर फारसे कळत नाहीत. 10 लाख म्हणजे एक 'मिलियन', 100 कोटी म्हणजे एक 'बिलियन', आणि एक लाख कोटी म्हणजे एक 'ट्रिलियन'. मनातल्या मनात बदल करण्यासाठी दोन सोपे नियम आहेत: लाखाच्या आकड्याला 100 ने गुणले की 'थाउजंड' मिळतात आणि कोटीच्या आकड्याला 10 ने गुणले की 'मिलियन' मिळतात. दीड लाख म्हणजे 'वन हंड्रेड अँड फिफ्टी थाउजंड', अडीच कोटी म्हणजे 'ट्वेंटी-फाइव्ह मिलियन'. स्वल्पविरामही जागा बदलतात; आपण 1,50,000 लिहितो तेथे बाहेर 150,000 लिहितात. जुन्या ब्रिटिश मजकुरात 'बिलियन' चा अर्थ दहा लाखांचे दहा लाखपट असा असू शकतो. ब्रिटिश सरकारने 1974 मध्ये आजचा, म्हणजे शंभर कोटींचा, अर्थ स्वीकारला. याखेरीज, आकडा आधी आला की 'हंड्रेड' आणि 'थाउजंड' अनेकवचनात जात नाहीत, 'फाइव्ह हंड्रेड' असेच राहतात. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' यांतला फरक आघाताचा आहे: पंधरामध्ये जोर शेवटावर, पन्नासमध्ये सुरुवातीवर. फोनवर रक्कम सांगताना शंका आली तर 'वन फाइव्ह' किंवा 'फाइव्ह झीरो' असे अंक सुटे करून विचारावे. त्यात कमीपणा नाही.

पाचवी पायरी: कामाविषयी बोलणे

'मला एक काम आहे' याचे 'आय हॅव अ वर्क' असे भाषांतर जवळपास प्रत्येक नवशिका करतो. 'वर्क' हा शब्द कष्ट किंवा काम या अर्थाने मोजता येत नाही, म्हणून त्याच्यामागे 'अ' लागत नाही. 'आय हॅव सम वर्क टु डू' म्हणावे. मोजता येते ती नोकरी, 'अ जॉब'. 'मनी', 'ॲडव्हाइस', 'इन्फर्मेशन' आणि 'होमवर्क' हेही न मोजता येणाऱ्यांच्या याच पंगतीत बसतात.

ओळख झाल्यावर विचारला जाणारा 'व्हॉट डू यू डू?' हा प्रश्न तुम्ही या क्षणी काय करत आहात यासाठी नसून तुमचा व्यवसाय कोणता यासाठी असतो. उत्तर देताना व्यवसायाच्या नावामागचा 'अ' किंवा 'ॲन' विसरू नये: 'आय ॲम अ नर्स', 'आय ॲम ॲन इलेक्ट्रिशियन'. त्यानंतरचे तपशील छोट्या शब्दांवर चालतात. कोणासाठी काम करता ते 'फॉर' ने, कोणत्या क्षेत्रात ते 'इन' ने, कोणत्या पदावर ते 'ॲज' ने सांगतात, आणि वरिष्ठ कोण हे 'आय रिपोर्ट टू' ने सुरू होते.

'सॅलरी' आणि 'वेजेस' या दोन्हींना मराठीत पगार किंवा मजुरी म्हणता येईल, पण इंग्रजीत ठरावीक, सहसा महिन्याच्या मोबदल्याला 'सॅलरी' आणि तासावर, दिवसावर किंवा आठवड्यावर मोजलेल्या मोबदल्याला 'वेजेस' म्हणतात. 'सॅलरी' चे मूळ लॅटिन शब्दामार्गे मिठापर्यंत जाते हे खरे, परंतु रोमन सैनिकांना पगार म्हणून मीठच देत असत, या लोकप्रिय गोष्टीला प्राचीन पुरावा नाही. पगारपत्रकावर 'ग्रॉस' म्हणजे कपातीपूर्वीची रक्कम, 'डिडक्शन्स' म्हणजे कपाती आणि 'नेट' म्हणजे प्रत्यक्ष हातात पडणारी रक्कम. नोकरीच्या जाहिरातीतला आकडा सहसा 'ग्रॉस' असतो, आणि अनेकदा तो महिन्याचा नसून वर्षाचा असतो, म्हणून आनंद साजरा करण्याआधी 'पर मंथ' की 'पर ॲनम' हे पाहावे. पगारवाढीला ब्रिटनमध्ये 'पे राइझ' आणि अमेरिकेत 'रेझ' म्हणतात. यामागचे 'राइझ' आणि 'रेझ' म्हणजे मराठीतले वाढणे आणि वाढवणे, त्यामुळे हा भेद आपल्याला इतरांपेक्षा लवकर कळतो.

'लीव्ह' या शब्दाबाबत सावध राहावे. रजेवर असणे म्हणजे 'ऑन लीव्ह'. 'आय ॲम ऑन लीव्ह फ्रॉम मंडे' म्हणजे सोमवारपासून मी रजेवर. 'आय ॲम लीव्हिंग ऑन मंडे' म्हणजे सोमवारी मी चाललो, आणि कार्यालयात त्याचा अर्थ नोकरी सोडली असाही घेतला जाऊ शकतो. नोकरी संपण्याचेही प्रकार आहेत. स्वतः सोडली तर 'रिझाइन' किंवा बोलीत 'क्विट', वय झाल्यावर 'रिटायर', मालकाने काढून टाकले तर 'फायर्ड' किंवा ब्रिटिश बोलीत 'सॅक्ड', आणि काम किंवा पैसा कमी पडल्यामुळे माणसे कमी केली तर 'लेड ऑफ'. शेवटच्या दोहोंतला फरक मुलाखतीत फार महत्त्वाचा ठरतो, कारण 'फायर्ड' मधून कामगाराची चूक सूचित होते आणि 'लेड ऑफ' मधून होत नाही.

शब्दांच्या शेपट्यांकडेही लक्ष द्यावे. 'एम्प्लॉयर' हा काम देणारा, 'एम्प्लॉयी' हा काम करणारा. 'ट्रेनर' शिकवतो, 'ट्रेनी' शिकतो. 'पेअर' पैसे देतो आणि ज्याला ते मिळतात तो 'पेयी'. धनादेशावर 'पेयी' या जागी स्वतःचे नाव लिहिणारे लोक असतात, तेव्हा ही जोडी नीट पाठ करावी. 'अटेंडी' हा शब्द नियमाला अपवाद आहे. तो हजर राहणाराच असतो.

सहावी पायरी: अभ्यासाचे शब्द

'स्टडी' ही क्रिया आहे आणि 'लर्न' हे तिचे फळ. 'आय स्टडीड ऑल नाइट बट लर्न्ट नथिंग' हे वाक्य परीक्षेच्या आदल्या रात्रीचा अनुभव असलेल्या कोणालाही कळेल. 'शिकणे' आणि 'शिकवणे' हे मराठीत एकाच धातूचे असल्यामुळे 'ही लर्न्ड मी इंग्लिश' असे वाक्य तोंडून निघते. तेथे 'टॉट' हवे. पाठ करण्याला 'लर्न बाय हार्ट' म्हणतात, नुसते 'बायहार्ट' हे क्रियापद नाही. ब्रिटिश विद्यार्थी परीक्षेआधी 'रिव्हाइझ' करतात, अमेरिकन 'रिव्ह्यू' करतात.

'करणे' हे आपले सर्वसंचारी क्रियापद इंग्रजीत 'डू' आणि 'मेक' यांत विभागले जाते. साधारणपणे श्रम किंवा नेमून दिलेले काम 'डू' कडे जाते आणि ज्यातून काही नवे निष्पन्न होते ते 'मेक' कडे: 'डू होमवर्क', 'डू अ कोर्स', 'डू रिसर्च', पण 'मेक अ मिस्टेक', 'मेक प्रोग्रेस', 'मेक नोट्स', 'मेक अ प्रॉफिट'. हा नियम पाऊणवाट नेतो. पुढची वाट जोड्या पाठ करूनच संपते.

संस्थांची नावे देशागणिक बदलतात. अमेरिकेत 'पब्लिक स्कूल' म्हणजे सरकारी शाळा, तर इंग्लंडमध्ये त्याच नावाने जुन्या, महागड्या खासगी शाळा ओळखल्या जातात. अमेरिकेत विद्यापीठातल्या बहुतेक शिक्षकांना 'प्रोफेसर' म्हणतात, ब्रिटनमध्ये ते सर्वांत वरचे पद आहे. 'कोर्स' म्हणजे ब्रिटनमध्ये बऱ्याचदा संपूर्ण पदवीचा अभ्यासक्रम, आणि अमेरिकेत त्यातला एक विषय. अर्ज भरताना देश कोणता हे आधी पाहून मगच शब्दाचा अर्थ लावावा.

ज्यांना इंग्रजी माध्यमातून उच्च शिक्षण घ्यायचे आहे, त्यांच्यासाठी दोन प्रसिद्ध शब्दसूची उपयोगी आहेत. मायकेल वेस्ट यांनी 1953 मध्ये सुमारे 2000 अत्यंत उपयुक्त इंग्रजी शब्दांची सूची प्रसिद्ध केली. एव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 मध्ये त्या सूचीत नसलेल्या, पण निरनिराळ्या विद्याशाखांच्या लेखनात वारंवार येणाऱ्या 570 शब्दकुटुंबांची दुसरी सूची तयार केली. पहिली पक्की होण्याआधी दुसरीच्या मागे लागू नये. 'हायपोथेसिस' येते आणि 'बॉरो' चुकते, अशी अवस्था मी पुष्कळांची पाहिली आहे.

सातवी पायरी: देवनागरीवर विसंबू नये

शब्दाचा उच्चार वहीत देवनागरीत लिहून ठेवण्याची सवय सुरुवातीला उपयोगी पडते, पण काही जागी ती दगा देते. कर्ज या अर्थाचा 'डेट' आणि तारीख या अर्थाचा 'डेट' देवनागरीत सारखेच दिसतात; विकणे आणि विक्री हे दोन्ही 'सेल'; चाचणी आणि चव हे दोन्ही 'टेस्ट'. प्रत्येक जोडीतल्या पहिल्या शब्दात 'ए' आखूड आहे आणि दुसऱ्यात तो लांबून 'इ' कडे सरकतो. वहीत दुसऱ्या प्रकारच्या शब्दापुढे 'एइ' अशी खूण करून ठेवली तर भेद लक्षात राहतो.

स्पेलिंगमधली काही अक्षरे उच्चारात नसतात. कर्ज या अर्थाच्या 'डेट' मधला 'बी' आणि पावतीच्या 'रिसीट' मधला 'पी' हे दोन्ही मूक आहेत. हे शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आले तेव्हा त्यांत ही अक्षरे ऐकू येत नव्हती. मूळ लॅटिन शब्दांशी नाते दिसावे म्हणून विद्वानांनी ती नंतर स्पेलिंगमध्ये घातली. 'मॉर्गेज' मधला 'टी' असाच गप्प बसतो.

आठवी पायरी: वही आणि उजळणी

आता प्रत्यक्ष नोंद कशी करावी ते पाहू. समजा, शब्द 'लेंड' आहे. पोस्टकार्डाच्या अर्ध्या आकाराचा एक कागद घ्या. एका बाजूला मराठीत पूर्ण वाक्य लिहा: 'तिने मला छत्री उसनी दिली.' दुसऱ्या बाजूला 'शी लेंट मी हर अम्ब्रेला' हे वाक्य इंग्रजी लिपीत लिहून त्याखाली 'लेंड टू' ही जोडी आणि 'लेंट' हे भूतकाळाचे रूप लिहा. नुसता 'लेंड म्हणजे उसने देणे' असा कागद करू नका. त्यातून शब्द ओळखता येतो, वापरता येत नाही. वाक्य शक्यतो आपल्याच आयुष्यातले असावे, कारण स्वतःच्या देण्याघेण्याची वाक्ये विसरणे कठीण जाते. उजळणी करताना मराठी बाजू पाहून इंग्रजी वाक्य मोठ्याने म्हणायचे, मग कागद उलटायचा.

हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्ये स्वतःवर केलेल्या प्रयोगांतून असे दाखवले की पाठ केलेल्या गोष्टींचा मोठा भाग आपण सुरुवातीच्या काळातच विसरतो आणि त्यानंतर विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणून पहिली उजळणी त्याच दिवशी, दुसरी दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, आठवड्याने आणि महिन्याने करावी. यासाठी कागद ठेवायला पाच कप्प्यांची खोकी पुरते. उत्तर बरोबर आले तर कागद पुढच्या कप्प्यात जातो, चुकले तर थेट पहिल्या कप्प्यात परत येतो. दिवसाला सात-आठ नवे कागद पुरेत. वीस करायला घेतलेल्यांची खोकी पंधरवड्यात धूळ खाताना दिसते. रविवारी पहिल्या कप्प्यात जे हट्टी कागद उरलेले असतील ते बाहेर काढा आणि त्यांच्यावरची वाक्ये बदला. अनेकदा शब्द अवघड नसतो, आपण निवडलेले वाक्यच आपल्याला परके असते.